साठ किलोंचा रोट

हसायचं असेल तर खुशाल हसा, पण शेवटी. मध्येच हसलात तर माझा धीर जाईल, आणि हे सांगायला धीर लागतो. कारण गेल्या श्रावणात एका सकाळी, कुणाचीही मदत न घेता, मी साठ किलो गहू पवित्र करून टाकला.

हो, पवित्र. नासवला असता तर परवडलं असतं.

मुळापासून सांगते. सहावीत मला शिष्यवृत्ती मिळाली आणि सुरतेतून उचलून मला डेहराडूनच्या एका निवासी शाळेत नेऊन ठेवलं. मग दिल्ली, मग दोन वर्षं कॅनडा. विषय काय, तर सहकारी संस्था. लोकांनी एकत्र येऊन खरेदी केली, एकत्र साठवलं, एकत्र वाटून घेतलं की जग कसं बदलतं यावर मी दीडशे पानांचा प्रबंध लिहिलाय. तो माझ्या मार्गदर्शक बाईंनी वाचला आणि मी वाचला. एवढ्या भांडवलावर मी सुरतेत, बमरोलीला घरी परत आले, आणि पहिल्याच आठवड्यात आईला विचारलं, "तू साखर पाव-पाव किलो का आणतेस?"

आई घरबसल्या साड्यांना खडे चिकटवते. तिनं मानही वर केली नाही. म्हणाली, "संपते म्हणून."

मला रात्रभर झोप आली नाही. अख्खी गल्ली पाव-पाव किलोनं जगतेय आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही!

त्याच सुमाराला हायवेवर एक घाऊक दुकान उघडलं होतं. दुकान कसलं, विमानतळच तो. छत इतकं उंच की आत कबुतरं संसार करून राहिलेली. वर्षाची फी भरून सभासद झाल्याशिवाय दारातून आत सोडत नाहीत, आणि आत गेल्यावर एक किलोचं काही मिळत नाही. लोणच्याची बरणी उचलायला दोन माणसं लागतात. दालचिनी तर मोळीनं विकतात. पण भाव! भाव पाहून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. माझा प्रबंध तिथे रॅकवर मांडून ठेवला होता.

मी गल्लीची सभा घेतली, आमच्या ओटल्यावर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर. आम्ही धरून पाच घरं होती. शेजारचे परभणीचे, समोरचं ओडिया कुटुंब, त्यांच्या बाजूच्या गुजराती कोकिलाबेन, आणि गल्लीच्या टोकाला भाड्याच्या खोलीत एकटा राहणारा प्रफुल्ल. मी चाळीस मिनिटं बोलले. एक कार्ड, पाच घरं, एकत्र खरेदी. सगळे तयार झाले. ते माझ्या बोलण्यामुळे झाले की आई मधून मधून भजी देत होती म्हणून झाले, याची मी चौकशी केली नाही.

प्रफुल्ल वर्ध्याचा. हजीऱ्याच्या एका कारखान्यात इंजिनीअर. त्याच्याकडे जुनी का होईना गाडी होती, आणि पोती आणायला गाडी लागते. म्हणून त्याला माझ्याबरोबर खरेदीला न्यायचं ठरलं. गाडी हेच एकमेव कारण, असं मी तेव्हा आईला सांगितलं होतं. तुम्हालाही तेच सांगते.

दुकानाच्या दारापाशी कार्ड काढायला गेलो. माझा फोटो काढला, सही घेतली. काउंटरवरची मुलगी म्हणाली, दुसरं कार्ड फुकट मिळेल, पण फक्त घरच्या माणसाला. शेजारी चालत नाही. आणि दोन कार्डं नसतील तर दोघांना एकत्र आत जाता येत नाही. तिनं प्रफुल्लकडे बघितलं आणि मला विचारलं, "यांचं तुमच्याशी नातं?"

आता तुम्हीच सांगा. मी काय सांगायला हवं होतं? मागे रांग उभी. तो मला जेमतेम तीन आठवडे ओळखत होता. जे नातं माझ्या मनात होतं ते फॉर्ममध्ये भरण्याइतकं पिकलेलं नव्हतं.

"भाऊ," मी म्हटलं.

प्रफुल्ल छतावरची कबुतरं मोजू लागला. मुलीनं टाइप केलं. दोन मिनिटांत कार्ड गरम गरम बाहेर आलं. वर माझं नाव, खाली त्याचं नाव, आणि त्याच्यापुढे ठळक अक्षरांत : भाऊ. मोठ्या कामासाठी छोटं खोटं चालतं, अशी मी मनाची समजूत घातली. आणि आम्ही तीस-तीस किलोंची गव्हाची दोन पोती गाडीत टाकून विजयी मुद्रेनं परत आलो.

पोती आमच्या बाहेरच्या खोलीत उतरवली. इथून पुढे सगळं बिघडत गेलं. कारण दोन दिवसांवर कानबाई होती.

आता तुमच्यात जे खानदेशचे नाहीत त्यांच्यासाठी. कानबाई ही आमची देवी. नागपंचमीनंतरच्या रविवारी ती बसते आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत पाण्यात जाते. तिच्या आदल्या दिवशी, शनिवारी, रोट. घराण्यातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू मोजून घ्यायचा, तो दळायचा, आणि त्या पिठाचं जेवण भाऊबंदांनी एकत्र बसून जेवायचं. आमच्यात देवी एकाच भावाकडे बसते, आणि आजवर ती थोरल्यांकडेच बसत आली होती. त्या वर्षी पहिल्यांदा ती आमच्याकडे येणार होती. आईनं तीस वर्षं दुसऱ्यांच्या घरी कानबाईची भांडी घासली होती. महिनाभर आधीपासून ती भिंती पुसत होती. इतकी खूश मी तिला माझ्या कॅनडाच्या पदवीच्या दिवशीही पाहिली नव्हती.

मला यातलं वरवरचं माहीत होतं. चौदा श्रावण मी बाहेर काढले होते. फोनवर कानबाईची गाणी ऐकली होती, रोट कधी खाल्ला नव्हता.

शुक्रवारी संध्याकाळी मोठी माय आली. मोठी माय म्हणजे पप्पांच्या थोरल्या भावाची बायको. राहते सुरतेच्या पार दुसऱ्या टोकाला, कोसाडला, पण तिचा आवाज बमरोलीपर्यंत पोचतो. देवाधर्माच्या बाबतीत आमच्या घराण्याचं सर्वोच्च न्यायालय. ती मुठी मोजून गहू घेऊ लागली. एकेका पुरुषाचं नाव घ्यायचं आणि मूठ टाकायची. काकांची नावं झाली, चुलतभावांची झाली, पाळण्यातल्या एका तीन महिन्यांच्या बाळाचंही नाव झालं. आणि थांबली.

मी विचारलं, "आणि आम्ही?"

"तुम्ही काय?"

"बायकांची मूठ?"

मग मी पंधरा मिनिटं बोलले. भिंती कोण पुसतं, दळण कोण आणतं, पोळ्या कोण लाटतं, आणि मूठ मात्र तीन महिन्यांच्या बाळाची. खरं सांगायचं तर यातला एकही शब्द मी आजही मागे घेणार नाही. मोठी माय शांतपणे ऐकत होती. मग तिनं डबा माझ्यापुढे सरकवला.

"तुले मूठ टाकनी शे ना? टाक. आनि सकाळी दयन बी तूच लई ये."

दयन म्हणजे दळण. मी सव्वा मूठ गहू टाकला. आईची टाकली, मोठी मायचीसुद्धा टाकली. माझ्या जिवाला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! घरात पाऊल ठेवून महिना झाला नव्हता आणि मी परंपरेत सुधारणा केली होती.

शनिवारी सकाळी आईनं मला आंघोळ करून यायला लावलं. नव्या कापडानं झाकलेला रोटाचा पितळी डबा माझ्या हातात दिला. म्हणाली, सांभाळून जा, वाटेत कुणाशी बोलू नको. आणि दारात पोत्यांना ठेचकाळली.

"ही पोती उचल आधी. उद्या देवी कुठे बसवू, गव्हावर?"

बरोबर होतं तिचं. शेजारीही पीठ कधी मिळणार म्हणून विचारत होते. प्रफुल्लची पहिली पाळी, तो पहाटेच हजीऱ्याच्या बसनं गेलेला. मी रिक्षा बोलावली, दोन पोती, पाच मोठे रिकामे डबे आणि माझा प्लास्टिकचा एक छोटा डबा टाकला, मांडीवर रोट घेतला आणि घंटीवर गेले. सुरतेत पिठाच्या गिरणीला घंटी म्हणतात. आमची घंटी रमणभाईंची.

तिथलं दृश्य पाहून मी भारावून गेले. रमणभाई गुजराती, पण बमरोलीत इतकी वर्षं काढलेली. रोटाच्या दिवशी ते अख्खी घंटी धुतात, जातं पुसतात, कुंकू लावतात. खानदेशी बायका झाकलेले डबे घेऊन रांगेत गप्प उभ्या होत्या. प्रत्येकीचं दळण चिमूटभर. दोन-तीन किलोंच्या वर कुणाचंच नव्हतं. मी मनात म्हटलं, बघा! घंटी स्वच्छ धुतलेली, वीज चालू, माणूस उभा, आणि दळण मात्र मूठभर. केवढा हा अपव्यय!

माझा नंबर आला. मी पोती उघडली.

रमणभाईंनी पोत्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "बेन, आ बधुं साथे?"

सगळं एकत्र दळायचं का, एवढंच ते विचारत होते. आणि मी काय म्हणाले ऐका. मी म्हणाले, हो, एकत्रच. गहू तो गहूच. वेगवेगळं कशाला? आणि नुसतं बोलून थांबले नाही. पितळी डबा उघडला आणि रोटाचा गहू माझ्या हातानं घंटीच्या तोंडात ओतला, त्याच्यावर पहिलं पोतं. सगळ्या पुरुषांच्या मुठी, आम्हा बायकांच्या मुठी, आणि घाऊक दुकानाचे साठ किलो. सगळे समान.

रमणभाईंनी दोन्ही कान पकडले. रांगेतली एक बाई तोंडाला पदर लावून खाली बसली. मला वाटलं, तिला उपासाची चक्कर आली असेल.

कुणीच काही बोललं नाही. रोटाच्या दळणाला जाताना बोलत नाहीत ना!

परत येताना मी एक काम केलं, ते लक्षात ठेवा. प्लास्टिकचा छोटा डबा भरून प्रफुल्लच्या दारात ठेवला. त्याची खोली वाटेत होती. म्हणजे रिक्षा थोडी वळवली की वाटेत होती. डब्यावर चिठ्ठी लावली, 'तुमचा वाटा, ताजं दळलेलं.' खाली एक फूल काढलं. सहकारी चळवळीचं बोधचिन्ह म्हणून.

घरी पोचले. आईनं पाच मोठे डबे उतरवून घेतले आणि हात पुढे केला. "रोटाचं पीठ कुठाय?"

"यातच आहे."

"कशात?"

"सगळ्यातच."

आई खाली बसली. फरशीवर, चौरंगाच्या शेजारी. ओरडली असती तर मी वाद घातला असता. ती मात्र दोन्ही हात मांडीवर ठेवून डब्यांकडे बघत राहिली. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की आपल्या हातून काहीतरी फार मोठं झालंय.

पप्पांनी मोठी मायला फोन लावला. स्पीकरवर ठेवायची गरज पडली नाही.

आणि मग मला ते सगळं कळलं जे घरातल्या लहान पोरालाही माहीत असतं, आणि म्हणूनच मला कुणी सांगितलं नव्हतं. रोटाचा गहू ज्यात मिसळला ते सगळं रोट. रोट भाऊबंदांखेरीज कुणी खायचा नाही. शेजाऱ्यांना नाही, पाहुण्यांना नाही, लग्न होऊन दुसऱ्या घरी गेलेल्या लेकीलाही नाही. आमच्याकडे तर रोट घराबाहेरही जात नाही, सगळ्यांनी येऊन इथेच जेवायचं. आणि पुनवेच्या आत तो संपवायचा. पुनव पुढच्या शनिवारी. उरलेला रोट पुरतात म्हणे. मी आशेनं विचारलं, मग पुरूया का थोडा? मोठी माय म्हणाली, खरकटा घास पुरतात, पन्नास किलो नाही. पहिल्यांदा देवी घरात आलेली आणि तिचा रोट पोत्यानं मातीत घातला, तर तुझ्या आईला जन्मभर ऐकून घ्यावं लागेल.

आईनं एवढंच म्हटलं, "उरू द्यायचा नाही."

"मंग भाऊबंद बलाव," फोनमधून आवाज आला. "समदा बलाव. ज्याले दात शेत तो, आनि ज्याले नहीत तो बी."

सुरतेत आमची चार घरं. बाळाला सोडून एकवीस माणसं. चारही घरांच्या चुली आठ दिवस बंद. सकाळ-संध्याकाळ सगळे आमच्याकडे. प्रबंधात मी ज्याला सामुदायिक स्वयंपाकघर म्हटलं होतं, ते हेच. फक्त प्रबंधात कुणी माझ्याकडे इतक्या रागानं बघत नव्हतं.

पहिल्या दिवशी मजा होती. पुरणपोळ्या, खीर, कटाची आमटी. रविवारी देवी बसली, आई इतकी देखणी दिसत होती की मला अजूनच अपराधी वाटलं. सोमवारी देवी गेली, आणि सोमवारीच लक्षात आलं की श्रावणी सोमवार आहे, निम्म्या लोकांना उपास. एक अख्खा दिवस वाया! मंगळवारी वरण-बट्टी. बुधवारी चिकोल्या, म्हणजे वरणफळं. गुरुवारी पुऱ्या, शिरा, आणि दुपारच्या चहाबरोबर शंकरपाळे. धाकटे काका हात जोडून म्हणाले, पोरी, तांदूळ नावाचं काही असतं ना गं? चुलतभावांनी मिलमधून सुट्टी घेतली, आजारपणाची. खोटं नव्हतंच ते.

माझ्याकडे बघून मोठी माय रोज एकदा तरी म्हणायची, "बायकास्नी बी मूठ टाकी ना? मंग खा बरोबरीनं." आणि मी खात होते. काकांच्या बरोबरीनं, पोळीला पोळी. तत्त्वाचा प्रश्न होता.

एकदा पप्पा दमून म्हणाले, हिचं लग्न झालेलं असतं तर हा प्रसंगच आला नसता. मोठी माय लगेच उसळली. म्हणाली, पुनवेच्या आत या पोरीच्या लग्नाचं नावही काढायचं नाही, एक तोंड कमी होईल.

शेजाऱ्यांचा गहू मी माझ्या पैशांनी परत आणून द्यायचा ठरलं, ते योग्यच होतं. पण माझ्या जिवाला घोर वेगळाच होता. प्लास्टिकचा डबा! पाच किलो रोट घराबाहेर पडून गल्लीच्या टोकाला एका वर्धेकराच्या खोलीत बसला होता. मोठी मायनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं, डबे इतलाच का? मी म्हटलं, इतलेच. म्हणजे बघा, एक खोटं कार्डावर, दुसरं कानबाईपुढे.

मंगळवारी दुपारी प्रफुल्लबरोबर पुन्हा घाऊक दुकानात गेले, शेजाऱ्यांचा गहू आणायला. दारावरच्या माणसानं कार्ड बघून विचारलं, "भाई साथे छे ने?" भाऊ बरोबर आहे ना? मी मान हलवली. आत गेल्यावर मी विषय काढला.

"ते पीठ परत देता का? त्याच्याऐवजी हे घ्या, दहा किलो, ब्रँडेड."

"काऊन? काय झालं?"

"त्यात किडे निघाले."

"मले तर नाही दिसले. मस्त पीठ आहे. माह्या आईच्या हातच्यासारख्या पोळ्या होऊन राहिल्या."

"तरीपण..."

"किडे असतील तर चाळून घेतो. तुम्ही एवढ्या प्रेमानं दिलं, परत कसं देऊ?"

तुम्ही एवढ्या प्रेमानं दिलं! हे वाक्य ऐकण्यासाठीच तर मी त्या गाडीत बसले होते, आणि ते मला मिळालं तेव्हा माझ्या हातात दहा किलो मैद्याचं पोतं होतं. घाईत तेही चुकीचं उचललेलं. खरं सांगून टाकावं असं मनात आलं. पण खरं सांगायचं म्हणजे, तू आमच्या देवीचा घास खाल्लास, तू परका आहेस, असं त्याच्या तोंडावर सांगायचं. ते मला जमेना. मी मनात म्हटलं, पुनवेपर्यंत तो काही पाच किलो संपवत नाही. उरलेलं मग गुपचूप परत आणू.

शुक्रवार उजाडला. उद्या पुनव. शेवटचा डबा तळाशी आलेला. संध्याकाळी एकवीस माणसं भिंतीला पाठ लावून बसली होती, युद्धावरून परतल्यासारखी. आईनं शेवटची पोळी लाटली, भाजली, आणि माझ्या ताटात वाढली. सगळे बघत होते. मी ती खाल्ली. शेवटच्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं, श्रद्धेनं की पोटानं ते माहीत नाही. मोठी मायनं डबा उपडा करून ठोकला. कण पडला नाही. आठ दिवसांत पहिल्यांदा आई हसली. उठून माझ्या पाठीवरून हात फिरवला.

आणि दार वाजलं.

दारात प्रफुल्ल. धुतलेला शर्ट, भांग पाडलेला, हातात प्लास्टिकचा तोच छोटा डबा.

"काकू," तो आईला म्हणाला, "तुमच्याकडून पीठ आलं होतं. डबा रिकामा कसा परत करू? म्हणून रोडगे करून आणले. तुमच्या बट्टीसारखे, आमच्याकडं वर्ध्याले करतात."

माझ्या चिठ्ठीवरचं फूल अजून झाकणावर चिकटलेलं होतं. आईनं ते फूल बघितलं. मग मला बघितलं. मी चौरंगाकडे बघितलं, पण देवी सोमवारीच गेलेली.

मोठी माय उठली. सावकाश दारापर्यंत गेली.

"कोनतं पीठ?"

"त्या शनिवारी दळून आणलं होतं ना, तेच."

"कोनी खादं?"

"मी."

"एकला?"

"एकटाच हो. आठ दिवस. आज संपलं. हे शेवटचे चार रोडगे."

आईचं हसू गेलं होतं. एकवीस माणसांनी आठ दिवस जिवावर उदार होऊन राखलेला रोट एका परक्याच्या पोटात गेला होता, आणि तोही माझ्या हातानं. प्रफुल्लला काहीच कळत नव्हतं. तो विचारत होता, "काऊन, चुकलं का काही?" आणि त्याचा चेहरा असा पडला होता की मी सगळ्यांसमोर सगळं सांगून टाकलं. डबा मी दिला, त्याला ठाऊक नव्हतं, चूक माझी. फुलाचं तेवढं बोलले नाही.

मोठी माय त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघत राहिली. सर्वोच्च न्यायालय विचार करत होतं. मग तिनं आईकडे बघितलं. आई रडायच्या बेतात होती. मोठी मायचा चेहरा हळूहळू निवळला.

"परकानी रोट खादा व्हता तर खोट व्हती," ती म्हणाली. "पन हाऊ पोऱ्या परका कसा? पुनवना पहिले समदा रोट सरावना त्यानी. एकलानी! तुम्हना एक बी पोऱ्यानी इतला खादा का?"

पुनवेआधी एवढा रोट एकट्यानं संपवला, हे ऐकून चुलतभावांनी माना खाली घातल्या.

"ज्यानी रोट खादा तो भाऊबंद. हाऊ आते आपला शे."

आईनं मोठा श्वास सोडला. पप्पांनी प्रफुल्लच्या पाठीवर थाप मारली. धाकटे काका म्हणाले, बसा बसा. घरात एकदम लग्नघरासारखा आवाज झाला. मलाही इतका आनंद झाला म्हणून सांगू! तो आपला! मोठी माय स्वतः म्हणाली, आपला! कॅनडापासून बमरोलीपर्यंत मी ज्याच्यासाठी भाषणं देत होते ते हेच तर होतं, की एकत्र खाल्लं की माणूस परका राहत नाही. मी टाळ्या वाजवणारच होते.

तेवढ्यात मोठी माय माझ्याकडे वळली.

"सकाय राखी शे. तुले सख्खा भाऊ नही. बांध त्याले."

सकाय म्हणजे उद्या. मला वाटलं, प्रफुल्ल काहीतरी म्हणेल. नको म्हणेल, घोटाळेल, निदान छताकडे तरी बघेल. त्याचे डोळे भरून आले होते.

"मले बहीणच नाही ना," तो म्हणाला. "लहानपणापासून राखीला माहा हात रिकामाच."

ते चार रोडगे रात्रीच्या आत संपवायचे होते, रोटच तो. चुलतभावांनी हात वर केले. मोठी मायनं ताट माझ्यापुढे ठेवलं. मी चारही खाल्ले. चांगले झाले होते, हे मान्य करावं लागेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या ओटल्यावर मी प्रफुल्लला राखी बांधली. कोकिलाबेननी फोटो काढला. त्यानं मला ओवाळणी काय घातली? घाऊक दुकानातून आणलेलं चॉकलेट. अर्थात बहात्तर नगांचं खोकं.

गल्लीची योजना अजून चालू आहे, बरं का, आणि छान चालली आहे. दर महिन्याला आम्ही दोघं हायवेवर जातो. दारावरचा माणूस कार्ड बघतो, आमच्याकडे बघतो आणि विचारतो, भाई-बेन? पूर्वी मी नुसती मान हलवायचे. आता प्रफुल्लच छाती काढून सांगतो, "सख्खे."

कार्डाची मुदत वर्षाची असते. मध्यंतरी मी मोठी मायला सहज विचारलं, की रोट खाऊन झालेल्या भाऊबंदाची मुदत किती? ती बराच वेळ हसत होती. तिनं ते फूल बघितलं होतं, हे मला तेव्हा कळलं.

तो माझ्याहून दोन वर्षांनी मोठा आहे. परवा त्यानं मला एका मुलीचा फोटो दाखवला, वर्ध्याची, घरच्यांनी पाहिलेली. म्हणाला, तुमची पसंती महत्त्वाची, तुम्ही हो म्हणाल तरच पुढे जातो.

मग म्हणाला, "सांगा ना, ताई."